पेनिमन त्या दिवशी कुठे होता

माझ्या सासऱ्यांनी स्वतःचं चरित्र सांगायला घेतलं असतं, तर मी आनंदाने लिहून घेतलं असतं. एक्कावन्न वर्षं बार्शीच्या कोर्टात वकिली केलेला माणूस, सांगण्यासारखं पोतंभर असणार. पण नाही. त्यांनी निवडला एझ्रा पेनिमन. हा गृहस्थ अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला एक खेडवळ वकील, पुढे तिथल्या राज्याच्या विधानसभेतला आमदार, आणि त्याला जाऊन दीडशे वर्षं होऊन गेलेली. त्याचं चरित्र मराठीत लिहायचं, आणि तेही ऑकलंडच्या टाकानिनीत, माझ्या डायनिंग टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या लंचब्रेकमध्ये.

चूक माझीच होती. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. वाचन बंद पडलं तसे ते खिडकीशी बसून राहायला लागले. बाहेर नव्या टाउनहाउसेसची करडी रांग आणि प्रत्येक घरापुढे दोन-दोन कचऱ्याचे डबे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते, आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. त्या तीन दिवसांत मला सारखी त्यांची पाठ दिसायची. एकदा राहवलं नाही, म्हटलं, बाबा, काहीतरी सांगा, मी टाइप करते. ते लगेच उठले, चाचपडत खोलीत गेले आणि एक सुतळीने बांधलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन आले.

ते पुस्तक बार्शीच्या बाररूमच्या कपाटात होतं. कुणा मिशनऱ्याच्या पेटीतून तिथे येऊन पडलेलं असावं. सव्विसाव्या वर्षी, पक्षकार फिरकत नव्हते तेव्हा बाबांनी ते वाचून काढलं. पेनिमनच्या नातवानेच लिहिलेलं, त्यामुळे आजोबांची आरती जागोजागी. पण बाबांना तो पेनिमन आवडून गेला. लग्न झालेल्या बाईची माहेरची मालमत्ता तिच्याच नावावर राहावी, नवऱ्याच्या नाही, असं एक विधेयक त्याने विधानसभेत आणलं. ते पडलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आणलं, पुन्हा पडलं. असं नऊ वर्षं. दहाव्या वर्षी एका मताने पास झालं. कोर्टात अकरा-अकरा वर्षं एकेक दावा ओढणाऱ्या माणसाला असा चिवट वकील देवासारखा वाटला तर नवल नाही.

लिहायची त्यांची पद्धत कोर्टातली. प्रत्येक गोष्टीला पुरावा, आणि प्रत्येक पुराव्याला निशाणी, म्हणजे क्रमांक. पेनिमनचा जन्म कुठे झाला, तर निशाणी एक, पुस्तकाचं पान अमुक. वकिलीची सनद कधी, तर निशाणी दोन. एका वाक्यात मी माझ्या मनाने "कडाक्याच्या थंडीत" असं घातलं तर म्हणाले, थंडीला निशाणी कुठाय? मी म्हटलं, बाबा, जानेवारी महिना आहे, अमेरिकेचा वरचा कोपरा आहे, थंडी असणारच. ते म्हणाले, असणार आणि होती यांत फरक आहे. मी थंडी काढून टाकली आणि दुपारभर धुसफुसत राहिले.

माझी मुलगी जुई, वय वर्षं बारा, तिला मराठी सगळं कळतं आणि बोलते इंग्लिशमध्ये. तिने आजोबांना विचारलं, "वॉज ही फेमस?" आजोबा म्हणाले, नाही. "देन व्हाय?" त्यावर आजोबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, चांगला होता म्हणून. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'झकास', असं म्हणून जुई वर निघून गेली. माझ्या नवऱ्याने मात्र काहीच विचारलं नाही. यशोधन ऑफिसातून यायचा, टेबलावर ते पुस्तक दिसलं की बाजूला सरकवून आपलं ताट ठेवायचा.

आता ते सांगायलाच हवं, कारण या घरात सगळं त्याच्याभोवती फिरत होतं. अडीच वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई, स्नेहलताताई, बार्शीच्या एका हॉस्पिटलमध्ये गेल्या. हृदयाचं दुखणं होतं. गेल्या तेव्हा जवळ कोणी नव्हतं. यशोधन इथे ऑकलंडला होता, आणि बाबा कोर्टात. हॉस्पिटलपासून कोर्ट तीन किलोमीटर. आम्ही पोचलो ते सगळं आटोपल्यावर. तेराव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर यशोधन बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी बारा हजार किलोमीटरवर होतो. तुम्ही तीन किलोमीटरवर होतात. तुमचा तो पेनिमन तरी घरी गेला होता."

हे शेवटचं वाक्य पाहुण्यांना कळलं नसतं, पण आम्हाला कळलं. यशोधनच्या लहानपणी पेनिमनची एक गोष्ट बाबांनी त्याला शंभरदा सांगितली होती. दहाव्या वर्षी विधेयकावर मतदान व्हायचं होतं, आणि त्याच वेळी पेनिमनची बायको लिडिया घरी अंथरुणाला खिळली होती. पेनिमनने आयुष्यभराचं काम तसंच टाकलं, राजधानीतून घोडागाडीने दीड दिवसाची वाट कापून घरी गेला, आणि अकरा नोव्हेंबरला तिकडे सभागृहात मतं मोजत असताना हा इकडे तिचा हात धरून बसला होता. तिने त्याच्या हातात डोळे मिटले. विधेयक त्याच्या मित्रांनी त्याच्या माघारी तारून नेलं. नातवाने यावर साडेतीन पानं खर्ची घातली आहेत.

यशोधनच्या त्या वाक्यावर बाबा काहीही बोलले नाहीत. वर्षभराने आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. यशोधन वाईट मुलगा नाही, हे मी बायको म्हणून नाही, टेस्टर म्हणून सांगते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोच नेतो, दर महिन्याला पापाटोएटोला, देशी दुकानं आहेत त्या भागात, केस कापायला तोच नेतो, येताना त्यांच्या आवडीची शेव आणतो. पण बापलेकांचं बोलणं गोळ्या, हवा आणि कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, यापलीकडे गेलं नाही. दोघं एका सोफ्यावर बसून क्रिकेट बघायचे आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडायचे. मला ते बघवत नव्हतं.

तर चरित्रात आम्ही त्या दिवसापाशी पोचलो, अकरा नोव्हेंबर. मला वाटलं बाबा भडाभडा सांगतील, सगळं तोंडपाठ होतं. पण ते अडले. म्हणाले, नातू तेव्हा जन्मला नव्हता, ही ऐकीव गोष्ट आहे, हिला कागद पाहिजे. दोन दिवस तेच. शेवटी मी पेनिमनच्या गावच्या इतिहास मंडळाचा पत्ता शोधला आणि मेल टाकली. मंडळ म्हणजे एक निवृत्त शिक्षिका आणि तिची मांजर, एवढंच असावं. बाईंना अपार आनंद झाला. न्यूझीलंडमधून कुणी भारतीय माणूस आमच्या पेनिमनवर लिहितोय, म्हणून त्यांनी मांजरीच्या तब्येतीसकट लांबलचक उत्तरं पाठवायला सुरुवात केली. मग एका मंगळवारी त्यांनी दफनभूमीतल्या कबरीच्या दगडाचा फोटो पाठवला आणि विधानसभेच्या छापील इतिवृत्ताची स्कॅन केलेली पानं.

दगडावर लिडिया पेनिमन, अकरा नोव्हेंबर. तारीख बरोबर होती. मग मी इतिवृत्त उघडलं. त्या काळी महत्त्वाच्या विधेयकावर एकेकाचं नाव पुकारून मत घ्यायचे आणि ते नावानिशी छापायचे. अकरा नोव्हेंबर, दुपारची बैठक, विधेयकाच्या बाजूने अठ्ठ्याऐंशी, विरुद्ध सत्त्याऐंशी. बाजूने मत देणाऱ्यांच्या यादीत मी सहज बोट फिरवत गेले. पेज, पार्कर, पेक, पेनिमन.

मी तीनदा बघितलं. दुसरा कुणी पेनिमन त्या सभागृहात होता का, तेही बघितलं. नव्हता. आणि पुढच्याच पानावर, बारा नोव्हेंबर सकाळ, एक ओळ होती: श्री. पेनिमन यांना घरी जाण्यासाठी रजा मंजूर.

म्हणजे तो गेलाच नव्हता. बायको दीड दिवसाच्या वाटेवर मरत होती तेव्हा तो सभागृहात बसून मत देत होता. ज्या एका मताने विधेयक पास झालं, ते त्याचंच होतं. घरच्यांनी पुढे कधीतरी गोष्ट गोड करून घेतली असणार, आणि नातवाने तीच साडेतीन पानांत लिहिली.

चुका शोधणं हा माझा धंदा आहे, पण ही चूक मला सापडायला नको होती. आमच्या घरात बाबांना ज्या मापाने मोजलं गेलं होतं, ते मापच खोटं निघालं होतं. यात बाबांना बरं वाटेल की वाईट, मला ठरवता येईना. पन्नासेक वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं, तोही आपल्यासारखाच निघाला, हा दिलासा असतो का आणखी एक धक्का? मी भित्री आहे. मी फाइल बंद केली आणि बाबांना सांगितलं की उत्तर आलेलं नाही.

हे मी तीन दिवस चालवलं. चौथ्या दिवशी बाबांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. माझ्याकडे बघायचं तर त्यांना मान थोडी वळवावी लागते, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. त्यामुळे ते विनाकारण जास्तच धूर्त दिसतात. त्या शिक्षिकाबाई एरवी किती दिवसांत उत्तर देतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन. मग या वेळी आठवडा का लागला? मी म्हटलं, मांजर आजारी असेल. मांजर आजारी आहे असं त्यांनी कळवलंय का? मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले की मंगळवारपासून मी त्यांना दुपारचा दुसरा चहा न मागता देते आहे, आणि त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणते आहे. ते इथे आल्यापासून असं मी फक्त त्यांच्या डोळ्यांचा रिपोर्ट आला तेव्हा केलं होतं.

"निशिगंधा, वाच," ते म्हणाले. "जे आलंय ते वाच. मधलं गाळू नकोस."

मी वाचलं. आधी दगड, मग यादी, मग रजेची ओळ. त्यांनी यादी पुन्हा वाचायला लावली, पी अक्षरापासून. मग रजेची ओळ पुन्हा. मग म्हणाले, रजा बारा तारखेची. म्हणजे घरचं बोलावणं मतदानानंतर आलं. हळूहळू बोलत होते, जणू ते सगळं त्यांना दिसत होतं. मी पाणी आणून ठेवलं, त्यांनी घेतलं नाही. बाहेर कुणीतरी गवत कापायचं मशीन लावलं होतं, ते थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

मग त्यांनी लिहायला सांगितलं. "अकरा नोव्हेंबर रोजी विधेयक एका मताने मंजूर झाले. पेनिमन सभागृहात हजर होता. निशाणी एकोणतीस." मी टाइप केलं. पुढे म्हणाले, "लिडियानेच त्याला जायला सांगितले होते."

मी थांबले. सवयच लागली होती, म्हणून विचारलं, "याला निशाणी?"

"नाही," बाबा म्हणाले. "खोडून टाक."

मी खोडलं नाही. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि विचारलं की हे त्यांना का वाटतं. त्यांनी जे सांगितलं ते लिडियाचं नव्हतंच.

आई गेल्या त्या दिवशी वैराग गावच्या एका विधवा बाईची साक्ष होती. दिरांनी सात-बारावरून तिचं नाव उडवलं होतं. समोरच्या वकिलाने वर्षानुवर्षं मुदती घेतल्या होत्या, आणि आता जज्जसाहेबांनी बजावलं होतं की ही शेवटची तारीख, कुणी गैरहजर राहिलं तर निकाल आहे तसा लागेल. आई हॉस्पिटलात चौथ्या दिवशी बऱ्या होत्या, शुक्रवारी घरी सोडणार होते. तरी बाबांनी ठरवलं होतं की जायचं नाही, कुणा ज्युनिअरला अर्ज घेऊन पाठवायचं. आईंनीच त्यांना घालवलं. त्या बाईला आईही ओळखत होत्या, ती तारखेला आली की आमच्या बार्शीच्या घराच्या ओट्यावर भाकरी सोडून बसायची. बाबा गेले. साक्ष चांगली झाली. बाई घाबरली नाही. दुपारी साडेबाराला ते कोर्टाच्या पायऱ्या उतरले तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला.

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, मग हे तुम्ही यशोधनला का नाही सांगितलंत? दीड वर्षं तो तुमच्याशी कचऱ्याच्या डब्याबद्दल बोलतोय.

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, वारसाच्या दाव्यात एक साक्षीदार ठरलेला असतो. तो सांगतो, मरताना आई मला म्हणाली, घर तुला. शेवटच्या क्षणी दादांनी मला जवळ घेऊन सांगितलं, जमीन धाकट्याला देऊ नकोस. खोलीत दुसरं कुणी नसतं, आणि जे सांगितलं ते नेमकं त्याच्या सोयीचं असतं. "असे मी शेकड्यांनी पाहिले. पिंजऱ्यात उभं करून त्यांचे कपडे उतरवले. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या फायद्याचं वाक्य घालायचं नाही. ती आता उभी राहून म्हणू शकत नाही की मी असं बोलले नव्हते. मग तिच्या आड मी कसा लपू?"

मी डोक्याला हात लावला. बाबा, म्हटलं, हे कोर्ट नाही, घर आहे. ते म्हणाले की घरात तर जास्तच जपायला हवं. आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी यशोधनला एक अक्षर सांगणार नाही.

मी कबूल केलं. पण मी सांगायचं नाही, एवढंच कबूल केलं होतं. यशोधनने ऐकायचंच नाही, असं काही ठरलं नव्हतं. शनिवारी सकाळी मी उजव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि जाहीर केलं की टायपिंग करून करून हात गेला. यशोधन म्हणाला, मग आज राहू दे. मी म्हटलं, राहू दे कसं, त्या बाईंना मेल करायचीय, बाबांचं प्रकरण संपवायचंय, तासाभराचं काम आहे, तू बस. जुईला स्विमिंगला शेजारच्या स्वानंदीच्या गाडीतून पाठवलं, तिचे विसरलेले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, पळत नेऊन दिले. बाबांनी कोपऱ्यातून माझ्या बँडेजकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते सोफ्यावर येऊन बसले.

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि दिवाणखान्यामध्ये भिंत नाही. बिल्डरने ती वाचवली आणि ब्रोशरमध्ये त्याला खुली जागा म्हटलं. मी ओट्याशी पाठ करून मटार सोलत उभी राहिले, डाव्या हाताने, कारण उजवा दुखत होता.

यशोधन खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसला. बाबांनी सांगायला सुरुवात केली, सावकाश, लेखी युक्तिवाद लिहून घ्यायला सांगतात तशी. विधेयक एका मताने मंजूर झाले. कीबोर्डचा आवाज. पेनिमन सभागृहात हजर होता. आवाज थांबला.

"हजर होता म्हणजे?" यशोधन म्हणाला. "तो घरी गेला होता ना? लिडियाजवळ."

बाबांनी सांगितलं की नव्हता गेला. निशिगंधाने कागद काढलेत. यादीत नाव आहे, दुसऱ्या दिवशीची रजा आहे. ते पुस्तक चुकीचं होतं, आणि तुला लहानपणी मी जे सांगितलं तेही. यशोधनने लॅपटॉपवरची फाइल उघडून पाहिली असावी, कारण माउसच्या टिचक्या ऐकू आल्या. मी मटार सोलणं थांबवलं होतं, पण मागे वळायची हिंमत नव्हती.

मग यशोधनने विचारलं, "का नाही गेला?"

"त्याला कागद नाही."

"कागद नसू दे, बाबा. तुम्हाला काय वाटतं?"

बाबा सोफ्याची कड चाचपू लागले. मला ओरडावंसं वाटत होतं. या माणसाने एक्कावन्न वर्षं दुसऱ्यांसाठी तोंड चालवलं आणि आज स्वतःसाठी दोन वाक्यं निघेनात.

"मला वाटतं," शेवटी ते म्हणाले, "तिनेच पाठवलं असेल. आणि त्याने ते कधी कुणाला सांगितलं नसेल. कारण कोण विश्वास ठेवणार? सगळे म्हणाले असते, बायकोच्या नावावर ढकलतोय."

यशोधन मंद नाही. लॅपटॉपचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला, आणि त्याचा आवाज बदलला. अडीच वर्षांत त्या आवाजात तो बापाशी बोलला नव्हता.

"आई काय म्हणाली होती?" त्याने विचारलं. "नेमकं. जसं म्हणाली तसं."

बाबा म्हणाले की याला पुरावा नाही, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, नर्ससुद्धा नव्हती, त्यांनी सांगितलं तरी ते धरू नये. यशोधन म्हणाला, मी धरीन की नाही ते नंतर. मग बाबांनी सांगितलं. अगदी हळू. मी नळ गच्च बंद केला, थेंबाचा आवाज येत होता म्हणून.

"म्हणाली, तुम्ही इथे बसून माझं काही बरं होणार नाहीये, तिकडे तिचं मात्र अडेल. जा मुकाट्याने. आणि लवकर या."

मी मागे वळून बघितलं. यशोधन दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. मला वाटलं, संपलं, त्याला पटलं नाही. बाबांना तर तो कोपऱ्यातूनही दिसत नव्हता, ते आवाजाच्या दिशेने मान वळवून वाट बघत होते. निकालाच्या दिवशी पक्षकाराचं असतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"मी तिकीट काढलं होतं," यशोधन म्हणाला. "सोमवारचं, सिंगापूरवरून. तिला फोन केला, म्हटलं येतोय. ती म्हणाली, तू इथे येऊन माझं काही बरं होणार नाहीये, तिकडे तुझं मात्र अडेल. आमची नवी सिस्टिम गो-लाइव्ह होणार होती त्या आठवड्यात. मी कॅन्सल केलं. अर्ध्या तासात कॅन्सल केलं. मला हायसंच वाटलं, बाबा. त्या सोमवारी निघालो असतो तर पोचलो असतो."

हे मला माहीत नव्हतं. तेरा वर्षं मी या माणसाची बायको आहे, एकाच घरात राहते, आणि हे मला माहीत नव्हतं. मग मला एकेक गोष्ट आठवत गेली. तो तेव्हापासून आईचा फोटो असलेल्या भिंतीकडे पाठ करून का बसतो. तेराव्याला तो इतका का भडकला. बापाला तो जे बोलला ते खरं तर स्वतःलाच बोलला होता.

"तुमच्यावर ढकलणं सोपं होतं," तो म्हणाला. "तुम्ही काही बोलायचा नाहीत."

आपल्या दाव्याला साक्षीदार मिळाला, आणि तोही विरुद्ध पक्षाचा, असं वकिलाला आयुष्यात कितीदा होत असेल? बाबांनी त्या गोष्टीला हातही लावला नाही. आपण सुटलो हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नसावं. त्यांचा चेहरा भलत्याच कारणाने उतरत गेला.

"म्हणजे अडीच वर्षं," ते म्हणाले, "तू हे एकट्याने वागवलंस? सोमवारचं तिकीट? आणि मी इथे समोर बसून होतो, मला कळलं नाही?"

बाबांनी हात पुढे केला. समोरचं दिसत नसल्यामुळे तो आधी खुर्चीच्या दांड्याला लागला, मग लॅपटॉपला, मग यशोधनच्या गुडघ्याला, आणि तिथे थांबला.

"तुझी काही चूक नाही," ते म्हणाले. "आईनेच सांगितलं होतं ना तुला? मग झालं. मी आहे की साक्षीला."

मग ते सोफ्यावर थोडे सरकले आणि म्हणाले, इकडे येऊन बस. माझा त्रेचाळीस वर्षांचा नवरा उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला, अगदी चिकटून.